भुकेचा पेला

सुंदरबाईचं खाणं एकदम नाही सुटलं. आधी भाकरी गेली, मग भात, मग ताकातल्या कण्यासुद्धा तिला बघवेनात. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, मुंबईहून फोटो काढून आणायला लावले, आणि ते उजेडात धरून बघितल्यावर अभिमन पाटलाला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

"गाठ आहे. कापून काढण्यापलीकडे गेलीय," डॉक्टर म्हणाले. "आता औषधापेक्षा अन्न पोटात जाणं महत्त्वाचं. मागतील ते द्या."

पण सुंदरबाई काही मागतच नव्हती. धुळ्याच्या देवपुरातल्या दोन खोल्यांच्या घरात ती खिडकीखालच्या खाटेवर पडून असे. अभिमन एसटीचा ड्रायव्हर होता, धुळे-पिंपळनेर गाडीवर. रजा टाकून तो घरी बसला होता. खिचडी कर, शेवयांची खीर कर, डाळिंब सोल, असं त्याचं दिवसभर चाले. ती एक घास तोंडात घेई, बराच वेळ घोळवी आणि नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून कसाबसा गिळी. पुढचा घास पुढे केला की मान फिरवी.

"भूकच नही माले," ती म्हणे. "भूक काय ऱ्हास तेच इसरी गऊ मी."

त्या शब्दांवरून अभिमनला असुंता आठवली.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर तो आफ्रिकेत गेला होता. तोब्रुक पडलं तेव्हा पकडला गेला आणि इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत जाऊन पडला. पुढे इटलीनं शस्त्रं खाली ठेवली, छावणीचे पहारेकरी पळाले, तसा तोही डोंगरात पळाला. तिथं असुंता नावाच्या म्हातारीनं त्याला मेंढ्यांच्या गोठ्यात लपवलं. अभिमन तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. छावणीतल्या उपासानं पोट इतकं आक्रसलं होतं की समोर अन्न असूनही घशाखाली उतरत नव्हतं. म्हातारी रोज दिवस मावळायच्या आत त्याला एक पेला द्यायची. तांबडा, थंड आणि कडू. द्राक्षांच्या दारूत रानातली कडू मुळं, कसली तरी वासाची पानं आणि संत्र्याच्या साली भिजवून ती तो अर्क घरीच करायची, आणि त्यात झऱ्याचं फसफसणारं पाणी ओतायची. त्या लोकांत त्याला नाव होतं, आपेरितिवो. पोटाचं दार उघडणारं. सगळं घर एकत्र बसून तो घोट घोट घ्यायचं आणि मगच चुलीवरचं भांडं उतरायचं. तो पेला घ्यायला लागल्यावर अभिमन जेवू लागला होता.

ही गोष्ट सुंदरबाईनं कितीतरी वेळा ऐकली होती. करून बघायचं मात्र त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. एक तर दारूबंदी होती. दुसरं म्हणजे त्याला पिण्याचा शौक नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आपल्याच गाडीनं, पण उतारू म्हणून, पिंपळनेरला गेला. तिथं पलटणीतला जोडीदार जीवराम राहत होता. जीवरामनं रानातल्या एका ओळखीच्या घरून मोहाची पहिल्या धारेची दारू आणून दिली. कशासाठी ते ऐकल्यावर तो म्हणाला, "अभिमन, पकडला गेलास तर नोकरी जाईल."

"जाऊ दे," अभिमन म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं लोणच्याची रिकामी बरणी घासून उन्हात वाळवली. काडेचिराईत ठेचला. संत्र्याच्या साली आतला पांढरा भाग खरवडून घातल्या. चैत्र होता, बाजारात दवणा आला होता. त्याची एक जुडी घातली. द्राक्षांची दारू मिळणार नव्हती म्हणून काळ्या मनुका कुस्करून टाकल्या. वरून मोहाची ओतली आणि बरणीचं तोंड फडक्यानं बांधलं. थोडे दिवस त्यानं ती तशीच मुरू दिली. मग गाळून घेतलं, गूळ करपवून त्याचा पाक मिसळला. रंग मातकट आला, तेव्हा जास्वंदीच्या पाकळ्या लिंबाच्या रसात चुरून तो रस घातला. असुंताच्या पेल्याइतकं नाही, पण तांबडं झालं.

ऊन कलल्यावर त्यानं बर्फ आणला, भुशातून काढून धुतला, फोडला. पेल्यात दोन बोटं अर्क, वर बर्फ, वर गोळीच्या बाटलीतला सोडा. संत्र्याची एक फोड पिळून त्यातच टाकली. एक पेला तिच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला.

सुंदरबाईनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पेल्याकडे बघून ती म्हणाली, "हाईच का ते?"

"हाईच. एकट्यानं पेतस नही हाई. मी बी बठस तुनासंगे."

तिनं घोट घेतला आणि सगळा चेहरा आकसून घेतला. "बय! कडू जहर शे!" पण पेला खाली ठेवला नाही. थंड सोडा तिच्या घशाला बरा वाटला. पेला संपत आला तेव्हा सुंदरबाई दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "माले काहीतरी खावासं वाटी ऱ्हायनं."

अभिमन उठताना चौकटीला धडकला. त्यानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची एक भाकरी केली, वांग्याचं भरीत गरम केलं. तिनं चतकोर खाल्ली. पोटात कळ आली, पण खाल्लेलं पोटात टिकलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं तसे बसू लागले. ती चतकोरावरून अर्धीवर कधी गेली नाही. गाठ होती तिथंच होती, हे अभिमनला कळत होतं. पण दुपारपासून ती दाराकडे बघायची आणि विचारायची, "बर्फ लयना का?" आजारी पडल्यापासून तिनं मागितलेली ती पहिली वस्तू होती.

लीलाधर हा त्यांचा एकुलता मुलगा. देवपुरातल्याच एका शाळेत मास्तर होता, अजून लग्न व्हायचं होतं. दारूबंदीच्या फेऱ्यांत मुलांची रांग घेऊन तो पुढे चालायचा, आणि ते त्याला मनापासून पटलेलं होतं. बरणी भरायच्या आधीपासून तो परीक्षेच्या कामासाठी धरणगावला होता. परत आला तो संध्याकाळीच. आईच्या तोंडाला वास, हातात पेला, आणि समोर बाप पेला घेऊन बसलेला.

"नाना, हे काय चाललंय?"

अभिमननं सांगितलं. लीलाधर ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. "पोटात गाठ असलेल्या बाईला दारू? डॉक्टरांना विचारलंत?"

"ती खाई ऱ्हायनी, लीलाधर."

"दोन घास! आणि आतून जळतेय त्याचं काय? तुम्ही तिला मारताय, नाना."

"तुले काय समजस?" अभिमनचा आवाज चढला. "इतला दिवस ती सुकी ऱ्हायनी ते तुले दिसनं नही का?"

सुंदरबाईनं दोघांना गप्प बसायला सांगितलं. त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही.

लीलाधरच्या डोळ्यांसमोरून आईचा तो पेला हलेना. बाप ऐकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. बरणी ओतून द्यावी तर बाप दुसरी भरणार. शेवटी तो पंडित हवालदाराकडे गेला. पंडितचा मुलगा त्याच्या वर्गात होता. "तुम्ही नुसते या," लीलाधर म्हणाला. "दोन शब्द दरडावा, बरणी ओतायला लावा. लिहायचं काही नाही." पंडितनं मान डोलावली.

पण पंडित निघाला तेव्हा नवा फौजदार चौकीतच होता. कुठं निघालास म्हणून त्यानं विचारलं आणि तोही बरोबर आला. घरात आल्यावर त्यानं फडकं सोडून बरणीचा वास घेतला आणि पंच बोलवायला माणूस पाठवला. मग पंडितच्या हातात काही उरलं नाही.

"कुणाची आहे ही?" फौजदारानं विचारलं.

अभिमन बोलायच्या आत सुंदरबाई खाटेवर उठून बसली होती. तिला उठून बसवत नसे. ती कशी बसली कुणास ठाऊक. "मनी शे," ती म्हणाली. "मीच पेस. त्यास्ले काही इचारू नका. माले लई चला."

फौजदारानं तिच्या हाताच्या काड्या बघितल्या, पिवळे डोळे बघितले. क्षणभर तो घुटमळला. मग म्हणाला, "बाई, पडून राहा तुम्ही." आणि अभिमनला पुढे चालायला सांगितलं. दारात लीलाधर उभा होता. त्याचा चेहरा बघितल्यावर अभिमनला सगळं समजलं. तो चपला शोधत होता, त्या सापडेनात, तसाच अनवाणी गेला.

आता जामीन मिळाल्याशिवाय सुटका नव्हती, आणि सुट्ट्या लागून आल्यानं मॅजिस्ट्रेट गावात नव्हते. इकडे सुंदरबाईनं तोंड मिटून घेतलं. लीलाधरनं दूध आणलं, फळं आणली, तो आईच्या हातापाया पडला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाणीही चमच्यानं घालावं लागत होतं. डॉक्टरांना आणलं, तेव्हा लीलाधरनं भीत भीत दारूचं विचारलं.

डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले, "मास्तर, दारूनं काय बिघडणार होतं? बिघडायचं काय राहिलं होतं?"

लीलाधर तसाच चौकीवर गेला. गजांच्या आत अभिमन उकिडवा बसला होता.

"नाना, माय काहीच घेत नाही," तो म्हणाला. "ते कसं करतात, सांगा मला."

अभिमननं त्याच्याकडे बघितलं. लीलाधरला वाटलं, नाना आता थुंकतील. पण तो गजांजवळ सरकला आणि हळूहळू सांगू लागला. "भिजाडाले आते येळ नही. चिराईत चिमूटभरच ले. संत्रानी साल आन दवणा संगे थोडासा पानीमा उकाळ. गार करी ले. मंग त्यामा मोहानी. गूळ जास्त नको टाकू, कडूच लागाले पाह्यजे. आन बर्फ फडक्यामा बांधीसन फोड, मोठा खडा नको. तिना दात दुखतस."

मोहाची दारू आणायला लीलाधर पांझरा नदीकाठच्या एका झोपडीवर गेला. अंगावर शाळेचे पांढरे कपडे होते. दारू विकणारी बाई त्याला बघून घाबरली, हात जोडून म्हणाली, "मास्तर, पोलीस आणलेत का?" तो म्हणाला, "नाही. मला पाहिजे." बाटली सदऱ्याखाली धरून तो पुलावरून परत आला. वाटेत शाळेतली दोन मुलं भेटली, त्यांनी नमस्कार केला.

घरी त्यानं सांगितल्याप्रमाणे उकळलं, गाळलं, गार केलं. चाखून बघितलं तर इतकं कडू लागलं की आईला हे कसं द्यावं असं वाटून त्यानं गूळ वाढवला. रंग काही आला नाही. बर्फ फोडताना बोट ठेचलं.

सुंदरबाईनं पेल्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तू करं?"

"नानांनी सांगितलं तसं केलं, माय. घे."

"एकटी नही पेत मी. तुना बी भर."

लीलाधर जागेवरच थांबला. मग त्यानं आपल्यासाठी एक पेला भरला आणि खाटेशेजारी, बाप बसायचा तिथं बसला. तो पहिला घोट घेईपर्यंत तिनं पेला तोंडाला लावला नाही. मग दोन घोट घेतले. "गोड करी टाकं तू," ती म्हणाली, पण रागानं नाही. जरा वेळानं तिनं विचारलं, "तू जेवना का?"

तो जेवला नव्हता. घरात कुणीच जेवलं नव्हतं.

"मंग जेव. मी देखस."

सकाळची भाकरी होती, ठेचा होता. आईसमोर बसून लीलाधर ती कोरडी भाकरी खाऊ लागला. घास गिळवत नव्हता, पण ती बघत होती म्हणून गिळत होता. त्यानं एक तुकडा तिच्या ओठाशी नेला. तिनं मान हलवली. "तू खा," ती म्हणाली. भाकरी संपेपर्यंत तिचे डोळे त्याच्या हाताबरोबर वर-खाली होत राहिले.

उजाडायच्या सुमाराला ती गेली. लीलाधर उशाशीच बसला होता, त्याला कळलंही नाही.

त्या दिवशी मॅजिस्ट्रेट आले आणि पंडितनं धावपळ करून अभिमनला जामिनावर सोडवलं. तो आला तेव्हा सुंदरबाईला अंगणात आणून ठेवलं होतं. बायकांनी वाट करून दिली. तो तिच्या पायाशी बसला. रडला नाही. लीलाधर जवळ आल्यावर वर न बघता त्यानं विचारलं, "काय खाल्लं तिनी?"

"काही नाही, नाना. दोन घोट घेतले. मला जेवायला लावलं."



खटला चालला तेव्हा अभिमननं गुन्हा कबूल केला. वकील म्हणत होता, औषधासाठी केलं असं सांगा, शिक्षा कमी होईल. अभिमन म्हणाला, "औषध नव्हतं ते." एक महिन्याची कैद झाली. एसटीनं त्याला कामावरून काढून टाकलं. लीलाधर प्रत्येक तारखेला कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून राही. दारूबंदीच्या फेऱ्यांना जाणं त्यानं बंद केलं. हेडमास्तरांनी कारण विचारलं तेव्हा तब्येत बरी नसते म्हणाला.

तुरुंगातून सुटल्यावर अभिमन देवपुरात राहिला नाही. साक्रीकडच्या गावी भावाच्या मळ्यात एक खोली होती, तिकडं जायचं त्यानं ठरवलं. लीलाधर त्याला पोहोचवायला स्टँडवर आला. गाडी लागली. ड्रायव्हर अभिमनच्या हाताखाली शिकलेला होता. त्यानं खाली उतरून त्याची वळकटी स्वतः टपावर चढवली.

"नाना," लीलाधर म्हणाला, "मी तिच्या भल्यासाठीच केलं होतं. माझं चुकलं."

"चुकनं," अभिमन म्हणाला आणि गाडीत चढला.

पावसाळा सरल्यावर लीलाधर एकदा मळ्यावर गेला. अभिमन भुईमूग उपटत होता. त्यानं हात धुतले, पोराला बाजेवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. यंदा पीक बरं आहे म्हणाला, शाळेची चौकशी केली. लग्नाचं बघ म्हणाला. बोलणं संपल्यावर दोघं शेताकडे बघत बसले. चुलीवर डाळ शिजत होती, तिचा वास बाहेरपर्यंत येत होता. ऊन उतरू लागलं तसा लीलाधर उठला, शेवटची गाडी चुकेल म्हणाला.

"हां," अभिमन म्हणाला. जेवून जा, असं तो म्हणाला नाही.