मावशीचा काठ

"काठ कुठे गेले?" बाईंनी विचारलं.

शिडीवरचा सुतार खाली न बघताच म्हणाला, "कापले. मॅडमनी सांगितलं. चौकटीत बसत नव्हता ना तो पडदा."

बाई पडद्यापाशी आल्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून, पिळून, त्यांच्या वर्गातल्या बायकांनी विणलेला तो भला मोठा पडदा संस्थेच्या सभागृहात, आजच्या कार्यक्रमासाठी, भिंतीवर लटकत होता. चारही बाजूंनी सरळ, गुळगुळीत. जणू हजामत केलेला.

कॉलेजातली चित्रकलेची नोकरी सोडून बाई कचरा वेचणाऱ्या बायकांना शिकवायला गेल्या, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. एवढी शिकली आणि शेवटी कचऱ्यात गेली, म्हणून. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. वर्गात त्यांचा नियम एकच होता. विणकाम सगळ्यांचं सारखं, काठ मात्र जिचा तिचा, आपल्या घरातल्या जुन्या कापडाचा. एकीने नवऱ्याच्या शर्टाची बाही आणली होती. "तेवढाच एकदा उपयोगी पडला," असं म्हणाली, तेव्हा वर्ग खो खो हसला होता.

मावशी सगळ्यांत वयस्कर. जन्मभर तिने कचरा निवडला. बरेच दिवस ती काठाचं नावच काढेना. मग एकदा तिने पिशवीतून पिवळ्या फ्रॉकची चिंधी काढली. तापाने गेलेल्या लेकीचा फ्रॉक. मोठ्या मुश्किलीने कात्री लावली होती त्याला.

"बाई, नीट राहील ना हा?"

"भिंतीवर राहील, मावशी. सगळे बघतील."

असा शब्द दिला होता. आणि इथे कुणीतरी त्यावर कात्री चालवून मोकळं झालं होतं!

संस्थेच्या मॅडम लगबगीने आल्या. "छान दिसतोय ना आता? त्या कडा कशा लोंबत होत्या हो. अगदी कचऱ्यासारख्या."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "कचराच आहे तो! त्याच्यावरच तर भाषण करणार आहात तुम्ही!"

"चिडू नका ना. मूळ काम तसंच आहे. जराशी चिंध्यांची झालर गेली, एवढंच."

"एकदा विचारायचं तरी! तुमच्या आईची साडी फाडली असती कुणी, तर जराशी म्हणाला असतात?"

मॅडमचा चेहरा पडला, पण तेवढ्यापुरताच. पाहुण्यांची गाडी आल्याचा निरोप आला आणि त्या निघाल्या.

बाई वळल्या, तर दारात मावशी उभी. धुतलेले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही की ओरडली नाही. फक्त सुताराला विचारलं, "दादा, डबा कुठाय इथला?"

डबा मागच्या अंगणात होता, उंच आणि काठोकाठ भरलेला. मावशीच्या आधी बाईंनीच बाह्या वर सारून हात घातला. चहाचे कप, हारांचे दोरे, खरकटं. गाड्यांतून उतरणारी माणसं वळून बघत होती. बघू देत, बाईंना त्यांची पर्वा नव्हती. मावशी मात्र सवयीने भराभर वेगळं करत होती, ओलं इकडे, सुकं तिकडे. पिवळी चिंधी तिलाच सापडली. चहात भिजलेली.

मावशीने ती पिळली, झटकली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

"मावशी, मी आत्ता पडदा उतरवते. सगळे काठ पुन्हा शिवू."

"नको, बाई. बाकीच्या नटूनथटून आल्यात. बघू द्या त्यांना." ती नळावर हात धुऊ लागली. "माझी पोर येईल माझ्याबरोबर घरी."

एवढा संताप, आणि तो कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

वर्ग पुढेही चालू राहिला. मावशी येत राहिली. पुढच्या पडद्यात तिचं विणकाम सगळ्यांत उजवं होतं. काठाला तिने दुकानातून आणलेली पांढरी फीत लावली होती. कोरी आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ.

मॅडमना तो काठ फार आवडला.