तीन नंबरच्या शेडमधला माल

"मागून वाचा, दाजी. पुढची पानं फोटो बघणाऱ्यांसाठी असतात."

मेव्हण्याने कंपनीचा वार्षिक अहवाल काट्याच्या हातातून ओढला आणि शेवटची पानं उघडून टेबलावर आपटला. काटा हे टोपणनाव. पंपाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर असलेला हा माणूस आलेली प्रत्येक वस्तू आधी वजनकाट्यावर चढवायचा, म्हणून कामगारांनी ते ठेवलं होतं. मेव्हणा हिशेब तपासनीस होता, आणि बहिणीने या माणसात काय पाहिलं हे त्याने आजवर चारचौघांत अनेकदा विचारलं होतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी! कंपनीने कामगारांना शेअर देऊ केले होते. निवृत्तीची सगळी पुंजी त्यात घालायचा फॉर्म काट्याने भरूनही ठेवला होता. बायकोने मात्र बजावलं होतं, माझ्या भावाकडून ताळेबंद वाचायला शिका, मगच सही करा. आज शिकवणीचा तिसरा रविवार.

"नफा किती?"

"चार कोटी. दुपटीने वाढलाय."

"आणि धंद्यातून हातात आलेली रोकड?"

काट्याने बोट फिरवून ओळ शोधली. "एक कोटी दहा लाख. कंसात आहे."

"कंस शोभेला नसतो, दाजी. कंस म्हणजे वजा. नफा चार कोटी आणि गल्ल्यातून उलट एक कोटी गेले. मग नफा गेला कुठे? शोधा. तोपर्यंत चहा नाही."

काटा इरेला पेटला. गिऱ्हाइकांकडची उधारी तेवढीच होती. शिल्लक माल मात्र दोन वर्षांत तिप्पट झाला होता. मागे बाराव्या टिपेत खुलासा होता : तयार केसिंग, सुस्थितीत. केसिंग म्हणजे पंपाचं ओतीव कवच. ती सगळी तीन नंबरच्या शेडमध्ये होती. काट्याने ती ओळ पुन्हा वाचली.

"तडा गेलेला माल आहे तो," तो म्हणाला. "ओतकामातच बिघडलेला. वर्षअखेरीला आमचे हिशेबसाहेब म्हणतात, नग बघत बसू नका, वजन घ्या. तडा गेला म्हणून लोखंडाचं वजन घटत नाही."

"आणि 'सुस्थितीत' कोण लिहितं?"

"छापलेलंच असतं. मी खाली सही करतो."

मेव्हणा खदखदून हसला. "भंगार चांगल्या मालाच्या भावाने शिलकीत धरलं, की कागदावर तेवढा नफा फुगतो. म्हणजे हा नफा तुम्हीच काढलाय! ताईला सांगू?"

त्याच्या थोबाडीत द्यावी असं काट्याला वाटलं. तो खरं बोलत होता, याचा राग जास्त होता.

शनिवारी कँटीनमध्ये हिशेबसाहेब फॉर्म गोळा करत होते. रांगेत पहिला फिटर होता; तो आपला फॉर्म टेबलावर ठेवत होता. वीस वर्षं काटा आणि तो एका टेबलावर डबा खात होते.

"थांब, देऊ नकोस," काटा म्हणाला. "नफा कागदावरचा आहे. तीन नंबरमधला माल भंगार आहे."

हिशेबसाहेबांनी शांतपणे फाइलमधून एक कागद काढून सगळ्यांसमोर धरला. "सुस्थितीत म्हणून सही कोणाची आहे ही?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?"

फिटर वळला. "तुला माहीत होतं? दोन वर्षं माझ्यासमोर जेवतोस, आणि तुला माहीत होतं?"

"माल माहीत होता रे. त्याचा नफा होतो हे माहीत नव्हतं."

"चोर लेकाचा!" मागून कोणी तरी ओरडलं. मग सगळेच ओरडू लागले. हिशेबसाहेबांनी हात पुढे केला. "शेडच्या किल्ल्या द्या. सोमवारपासून येऊ नका."

काट्याने किल्ल्या दिल्या नाहीत. तो कँटीनला लागूनच असलेल्या शेडकडे गेला, कुलूप काढलं आणि दारं सताड उघडी टाकली. दाराशी नव्या, चांगल्या मालाचं एक केसिंग होतं. त्याने त्यावर हातोडी मारली. टण्ण! नाद घुमत राहिला. मग तो आतल्या थप्पीकडे वळला.

थद्. पुढचं, थद्. थद्. थद्.

रांगेतल्या माणसांचा जन्म लोखंडात गेला होता. त्यांना ताळेबंद वाचता येत नव्हता, पण तडा गेलेल्या लोखंडाचा आवाज कळायला कोणी शिकवायची गरज नव्हती. रांग हळूहळू मोडली. हिशेबसाहेब मोठ्याने काही तरी सांगत होते. काटा ओळीने एकेक वाजवत पुढे जात होता.

फिटरने टेबलावरचा आपला फॉर्म उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि शेडच्या दारावरून निघून गेला. आत त्याने पाहिलं नाही.

शेवटची थप्पी संपल्यावर काट्याने हातोडी नेहमीच्या खिळ्याला अडकवली, शेडला कुलूप लावलं आणि किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. मग डब्याची पिशवी उचलली. डबा अजून उघडला नव्हता.