गंगापूरच्या लाउडस्पीकरचा फाटका आवाज

मी एक जुना लाउडस्पीकर आहे, मित्रांनो, आणि माझा आवाज फाटका आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर तुमच्यातला एखादा भला माणूस मला उचलून दुरुस्तीला घेऊन जाईल. तसे एकदा झाले आहे. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे.

माझा जन्म गंगापूरच्या बाजारातला. सुताराने प्लायवूडचा खोका केला आणि त्यावर काळे रेक्झिन चढवले. पोटात अँप्लिफायर बसला आणि तोंडाशी जाड कागदाचा गोल पडदा. कारागीर त्याला कोन म्हणतात. तो थरथरतो म्हणून मी बोलतो. माझे मालक बद्रीनाथ यांनी पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘बद्रीनाथ साउंड सर्व्हिस’ असे लिहिले आणि मला हळदकुंकू वाहिले. त्या दिवशी मी स्वतःला नवरदेवच समजत होतो.

लग्ने, सप्ताह, जयंत्या, शाळांची गॅदरिंग, सगळीकडे मी गेलो. बद्रीनाथ कामात फार कडक. कार्यक्रमाआधी ते रंगाच्या मऊ ब्रशने माझ्या कोनावरची धूळ झाडायचे, माईकमध्ये ‘हॅलो, हॅलो’ करायला कुणाला तरी उभे करायचे आणि स्वतः चालत शेवटच्या रांगेपर्यंत जायचे. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न शब्द कळला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तिथे आवाज नीट पोचला की ते उजवा हात वर करायचे. तो हात वर गेल्याशिवाय आमदारालासुद्धा भाषण सुरू करता येत नसे. लोक म्हणत, बद्रीनाथचा आवाज म्हणजे धुतलेल्या तांदळासारखा. ते ऐकून मी फुगायचो.

गर्वाचे घर खाली, हे काही खोटे नाही. पिशोरच्या एका लग्नात मांडव सोडताना बल्ली निसटली ती थेट माझ्या तोंडात शिरली. दुसऱ्या दिवशी सप्ताहात महाराज बोलू लागले आणि माझ्यातून पत्रा खरवडल्यासारखा आवाज निघाला. माणसे हसली. बद्रीनाथांची मान खाली गेली. त्यांनी मला घरी आणून सरकीच्या पोत्यांमागे ठेवले आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू म्हणाले. तेवढ्यात डीजेच्या गाड्या आल्या, मालकांचा धंदा बसला, आणि तो पुढचा आठवडा बारा वर्षे आलाच नाही. उंदीर अंगावरून जायचे. मला सगळ्यात जास्त आठवण यायची ती त्या ब्रशची.

मग एक दिवस तनुजा आली. ही बद्रीनाथांची भाची, संभाजीनगरला राहणारी. वाळूजच्या कारखान्यात तयार झालेले भाग तपासायची. नग बरोबर की चूक, एवढेच दिवसभर. तिच्याकडे एक जुनी इलेक्ट्रिक गिटार होती, पण तिचा आवाज मोठा करायला माझ्यासारखा कुणी नव्हता. तिने पोती सरकवली, वायर जोडली आणि तार छेडली. मी खरखरलो. लाजेने मला मरून जावेसे वाटले. पण पोरीचे डोळे चमकले. तिने पुन्हा छेडली, पुन्हा खरखर, आणि ती चक्क हसली.

बद्रीनाथ धावत आले. “तो नको नेऊ, पोरी,” ते म्हणाले. “फाटलाय तो. शहरात माझं नाव घालवशील.”

“मामा, मला फाटकाच पायजे,” तनुजा म्हणाली.

मामांना ते पटले नाही, पण भाचीला नाही म्हणणे त्यांना कधी जमलेच नव्हते.

तिने मला शहरातल्या मुकुंदवाडीत नेले. तिथे तिचा मित्र धम्मपाल याच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती. धम्मपाल ड्रम बडवायचा, योगिनी बेस गिटार वाजवायची, तनुजा गिटार वाजवत गायची. तिथे मला पहिल्यांदा कळले की माझ्यासारख्या आवाजाला जगात नाव आहे. त्याला पंक म्हणतात. धम्मपालला त्याचे भारी वेड. सरावात कुणी दम खायला बसले की त्याची कथा सुरू. पन्नासएक वर्षांपूर्वी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये मोठमोठे बँड पंधरा-पंधरा मिनिटांची गाणी वाजवत होते. ऐकणाऱ्याला वाटायचे, हे काही आपल्याला जमणारे नाही. बाहेर पोरांना काम नव्हते. मग त्या पोरांनी ठरवले की गिटारवरचे तीन कॉर्ड, म्हणजे तीन सूरमेळ, आले की बँड काढायचा. गाणे दोन मिनिटांत संपवायचे. फाटलेले कपडे सेफ्टी पिनने जोडायचे, लपवायचे नाहीत. मासिक आपणच लिहून झेरॉक्स करायचे, रेकॉर्ड आपणच काढायच्या. मोठी माणसे म्हणाली, हा नुसता गोंगाट आहे. पोरे म्हणाली, असू द्या, आमचा आहे.

पुढे त्यातले काही नशेत बुडाले, काहींच्या पिना दुकानात फॅशन म्हणून विकल्या गेल्या. धम्मपाल हेही सांगायचा, लपवायचा नाही. पण ती ठिणगी देशोदेशी गेली, वर्णद्वेषाविरुद्ध गायली, मुलींनी आपले बँड काढले, आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत आपले गाऱ्हाणे मांडले. “माझे आजोबा भीमजलशात गायचे,” एकदा तो म्हणाला. “त्यांना बी लोक गोंगाटच म्हणायचे.” मग योगिनीने सुरुवात केली आणि आम्ही सगळे पुन्हा वाजू लागलो.

त्यांचे मुख्य गाणे एक मिनिट चाळीस सेकंदांचे होते. आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येते, कधी दहाव्या. त्यावरच ते होते. तनुजा ओरडून विचारायची, “पाणी आलं का?” आणि बाकीचे दोघे ओरडायचे, “नाय आलं!” पहिल्या आठवड्यात खालच्या दगडाबाई काठी घेऊन वर आल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या भांडी घासता घासता खालूनच उत्तर देऊ लागल्या.

शेवटी सिडकोतल्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरला. हा पहिला होता आणि बहुधा शेवटचाही. कंपनीने तनुजाला चाकणला पाठवायचे ठरवले होते, सोमवारी तिला निघायचे होते. आयुष्यात एकदा तरी हे गाणे चार लोकांसमोर मनासारखे वाजावे, एवढीच तिची इच्छा. घरातले कुणी येणार नव्हते. तिने फक्त बद्रीनाथमामांना बोलावले.

आता मामांची चूक ऐका. ती एखाद्या साउंडवाल्याच्याच हातून व्हावी अशी होती. भाचीचा कार्यक्रम आणि आपला स्पीकर फाटका, या विचाराने त्यांना झोप येईना. आदल्या दिवशी ते मुकुंदवाडीत आले, पुसून आणतो म्हणून धम्मपालच्या आईकडून मला घेतले आणि थेट शहागंजमधल्या जुन्या मिस्त्रीकडे नेले. मिस्त्रीने फाटका कोन काढला आणि कोरा करकरीत बसवला. बारा वर्षांपूर्वीचा पुढचा आठवडा असा उजाडला.

खोटे कशाला बोलू, मला फार आनंद झाला. मामांनी ‘हॅलो’ म्हटले आणि माझ्यातून तोच धुतलेला तांदूळ सांडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शालीत गुंडाळून सभागृहात आणले आणि नवीन सून दाखवावी तशी शाल बाजूला केली.

तनुजाने तार छेडली. आवाज गोड आला. इतका गोड की लग्नात पाहुणे जेवत असताना लावावा. ती खाली बघत उभी राहिली. धम्मपालने काही बोलायला तोंड उघडले, तर तिने त्याचा हात दाबला.

“लई छान झालाय, मामा,” ती म्हणाली.

माझा आनंद तिथेच विरला. तिचा चेहरा मला समोरूनच दिसत होता.

कार्यक्रम सुरू झाला. चाळीसेक माणसे होती, दगडाबाईही आल्या होत्या. पहिले गाणे झाले, लोकांनी शहाण्यासारख्या टाळ्या वाजवल्या. दुसरे झाले, पुन्हा तशाच. पोरे जीव तोडून वाजवत होती आणि मी त्यांचा राग इस्त्री करून लोकांपुढे ठेवत होतो. आता एकच गाणे उरले होते, पाण्याचे.

पहिल्या रांगेतले बद्रीनाथ उठले. त्यांचा कान चाळीस वर्षांचा मुरलेला होता, भाचीच्या गोड बोलण्याने तो फसणारा नव्हता. ते मंचावर आले, माझ्यासमोर बसले आणि जाळी काढली. लोकांना वाटले, फ्यूज गेला. त्यांनी खिशातून वायर सोलायची पत्ती काढली.

“मामा, राहू द्या,” तनुजा म्हणाली. “नवा आहे तो.”

“आवाज बरोबर नाय लागला,” मामा म्हणाले. “मी माझ्यासाठी नीट केला, तुला इचारलंच नाय. चूक माझी हाय.”

आणि ज्या माणसाने उभ्या हयातीत माझ्या कोनाला बोटही लागू दिले नव्हते, त्याने त्यावर तीन चिरा ओढल्या. मित्रांनो, दुखले मला. पण पिशोरला दुखले तसे नाही.

मग तनुजाने तार छेडली, आणि मी जो खरखरलो, तो पार छतापर्यंत. “पाणी आलं का?” तिने विचारले आणि सगळ्यात आधी दगडाबाई ओरडल्या, “नाय आलं!” मग अख्खे सभागृह ओरडू लागले. म्हातारे ओरडले, कॉलेजची पोरे ओरडली, दारातला वॉचमनही ओरडला. तनुजाने मध्येच मान वर केली. मामांची पुढची खुर्ची रिकामी होती. ते चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेले होते. तिथे भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि उजवा हात वर केला.

एक मिनिट चाळीस सेकंदांत सगळे आटोपले.

तनुजा आता चाकणला आहे. मी धम्मपालच्या खोलीतच असतो. गल्लीतल्या तीन मुली तीन कॉर्ड शिकायला येतात. त्यांचे गाणे अजून कशावर आहे ते त्यांनाच ठरवता आलेले नाही, पण ओरडतात झकास. महिन्यातून एकदा बद्रीनाथ गंगापूरहून एसटीने येतात, तोच मऊ ब्रश काढतात आणि माझी धूळ झाडतात. चिरांपाशी आले की त्यांचा हात हळू होतो.

म्हणून एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरात असा एखादा फाटक्या आवाजाचा असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला अडगळीत टाकू नका. त्याची धूळ पुसा, वायरी तपासा. पण दुरुस्तीला नेण्याआधी एकदा शेवटच्या रांगेत जाऊन त्याला ऐका.