सात खेकडे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. होडीत साचलेले पाणी उपसून बाहेर टाकणे, हे माझे काम. जन्मलो तेव्हा माझ्या पोटात पाच लिटर तेल होते. ते संपल्यावर एका सुताराने माझे तोंड तिरके कापले, धारदार कडा ठोकून बोथट केली, लाकडी मूठ बसवली आणि मला आपल्या होडीत दोरीने बांधून ठेवले.

अकरा वर्षे मी तिथे होतो. पावसाचे, लाटांचे, कुत्र्यांच्या अंगावरून निथळलेले पाणी मी बाहेर फेकले. सुताराची थोरली बहीण, म्हणजे ताई, निवृत्त नर्स होत्या. त्या म्हणायच्या, "या होडीत कामाचा माणूस एकच. हा डबा." एवढे कौतुक मला पुरत असे.

त्या दिवशी होडी दोन महिन्यांनी पाण्यात उतरत होती. उन्हाने तिच्या फळ्या आकसल्या होत्या. फटींतून उजेड दिसत होता. अशी होडी आधी एक-दोन दिवस उथळ पाण्यात भिजत ठेवतात. लाकूड फुगते आणि फटी मिटतात. सुताराला हे ठाऊक होते. पण ताई दुसऱ्या दिवशी आपल्या घरी परतणार होत्या आणि त्यांना खेकडे हवे होते. त्याने फटींत मेण भरले.

"टिकेल का रे हे?"

"ताई, मी सुतार आहे. तू इंजेक्शन देतेस तेव्हा मी विचारतो का, नीट टोचशील ना?"

"विचारतोस. वर रडतोस."

सव्वानऊला आम्ही निघालो. दोघे भावंडे, हवालदार नावाचा म्हातारा कुत्रा आणि भुंगा नावाचा दीड वर्षाचा दुसरा कुत्रा. खाडीत सहा जाळी सोडली, प्रत्येकात माशाचे एक डोके बांधले होते. अकरापर्यंत टोपली भरली. तरी सात खेकडे उरले, सगळ्यांत मोठे. सुताराने इकडेतिकडे पाहिले, माझी दोरी सोडली आणि सातही माझ्यात कोंबले. वर ओले पोते करकचून बांधले. सात जणांच्या नांग्या माझ्या पत्र्यावर खरवडत होत्या.

थोड्या वेळाने माझे बूड गार पडले.

हवालदारने आधी एक पाय उचलला, मग दुसरा. मग तो बाकावर ताईंशेजारी चढून बसला.

"उतर रे. मला बसायला जागा कुठाय?"

तो उतरला आणि पुन्हा चढला. असे तीनदा झाले. का, ते कोणी पाहिले नाही. भुंग्याच्या गमतीजमती चालू होत्या. ओहोटी आम्हाला खाडीच्या तोंडाकडे ओढत होती. तिथे लाटा पांढऱ्या फुटत होत्या.

मग मी जागचा हललो. मित्रांनो, डबा होडीतच तरंगू लागला, की उशीर झालेला असतो.

"अरे, पाणी!"

"लाटेचं असेल, ताई."

ताईंनी पायाशी हात घातला. त्यांच्या बोटांत मेणाची लांब वात आली.

"डबा रिकामा कर."

"सात आहेत गं. थांब, टोपलीत बसतात का बघतो."

पहिला बसला. दुसरा बसला. तिसऱ्याने सुताराचा अंगठा धरला. यात चार-पाच मिनिटे गेली. शेवटी ताईंनी मला हिसकावले आणि उरलेल्यांसकट पाण्यावर उपडे केले. मग त्या उपसत राहिल्या, तो वल्ही मारत राहिला. मी पाच लिटर बाहेर टाकी, तेवढेच आत येई.

खाडीच्या तोंडाशी लाट आडवी आली. होडी कलली. ताईंनी भुंग्याचा पट्टा पकडला. त्यांना हात दोनच होते, आणि दुसऱ्यात मी होतो. हवालदार बाकावरून घसरून गेला.

तो पोहत होता. तोंड वर, कान मागे, आमच्याकडे बघत. प्रवाह त्याला बाहेर नेत होता.

"वळव! होडी वळव!"

"वळवली तर सगळेच जाऊ, ताई."

ते खरे होते. अर्ध्या तासाने होडी वाळूच्या पट्ट्याला टेकली. सुतार वाळूवर उभा राहून हाका मारत राहिला. आवाज बसला तेव्हा ताई म्हणाल्या, "पुरे." हवालदार परत आला नाही.

त्यानंतर मी सुताराच्या कारखान्यात एका फळीवर पडलो. गंज चढला. मला त्याचे दुःख नाही. मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या म्हणजे त्या घासूनपुसून ठेवा, एवढेच तुम्हाला शिकवतात. मी वेगळे सांगतो. काही वस्तूंचे काम रिकामे राहण्याचे असते. जागा दिसली म्हणून त्या भरू नका.

हे मी आज सांगतो, कारण होडी दोन दिवसांपासून उथळ पाण्यात भिजते आहे. तेवढे सुतार शिकला. उद्या सकाळी तो, ताई आणि भुंगा खेकडे पकडायला निघणार आहेत. मी मात्र या फळीवरच आहे, आणि माझ्यात काठोकाठ खिळे आहेत.