घर ओळखीचं होईपर्यंत

जन्मभर लोकांची दारं बसवणाऱ्या सुताराने खुराडं पहिल्यांदाच केलं, तेही आठवण हरवत चाललेल्या बायकोचा जीव रमावा म्हणून. सहा तलंगा आत ढकलून त्याने कडी घातली. कोवळ्या कोंबड्या त्या, कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या.

“कोंडलंत कशाला हो गरिबांना?” बायकोने विचारलं.

“आठवडाभर कोंडावंच लागतं. घर ओळखीचं झालं, की मोकळ्या सोडल्या तरी संध्याकाळी आपणहून परततात.”

तिने मान डोलावली. चला, एक गोष्ट तरी पटली, असं त्याला वाटलं.

मग तिने घराच्या दाराकडे पाहिलं. ती तीनदा वाट चुकल्यावर तिथेही त्यानेच बाहेरून कडी बसवली होती.

“दादा,” ती नवऱ्याला हळूच म्हणाली, “माझा आठवडा नाही का हो झाला अजून?”