माझ्या कडेवर कोरलेले नाव

मित्रांनो, मी एक जुने माणिक आहे. जुने म्हणजे खाणीत युगानुयुगे निजलेले नव्हे. छत्तीसगड राज्य नुकतेच झाले होते आणि रायपूर राजधानी झाले होते, त्या सुमारास माझा जन्म एका कारखान्यात झाला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आजवर मी एवढ्याचसाठी भांडत आले आहे.

ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची पांढरी पूड आणि तिच्यात चिमूटभर क्रोमियमचे संयुग, एवढेच माझे आईबाप. ती पूड प्रखर ज्योतीतून खाली पडत गेली, वितळली, थरावर थर चढला आणि लाल कांडी तयार झाली. खाणीतले माणिकही याच द्रव्यांचे असते. तेही असेच लाल आणि असेच कठीण. मात्र माझ्या पोटातल्या वाढीच्या रेषा वळणदार आहेत आणि त्याच्या सरळ. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

पैलू पडल्यावर मी रायपूरच्या तात्यापारा भागातल्या हिरालाल सराफांच्या दुकानात आले. नव्या राजधानीत नवी कार्यालये उघडत होती आणि ज्याला त्याला बोटात अंगठी हवी होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर रीनाताई रत्ने तपासत. ढिगातून घेतलेले मी नक्की कोण, हे हिरालालला ठाऊक नव्हते, म्हणून तो मला वर घेऊन गेला. रीनाताईंनी सूक्ष्मदर्शकातून माझ्या वळणदार रेषा पाहिल्या आणि लेझरचे यंत्र सुरू केले.

"दीदी, रुको, रुको! लिखने की क्या जरूरत है?" हिरालाल घाईने म्हणाला.

"इथं तपासलेला दगड नाव घेऊनच खाली जाते, भैया."

"इतना बारीक कौन पढ़ेगा?"

"बारीक आहे, पण आहे," रीनाताई म्हणाल्या.

वरचे आणि खालचे पैलू जिथे मिळतात, त्या माझ्या कडेवर केसाहूनही बारीक अक्षरे उमटली. एक क्रमांक आणि पुढे 'लॅब', म्हणजे खाणीतले नव्हे, घडवलेले. मित्रांनो, मला बोलता येत नाही. ती अक्षरे हीच माझी जीभ.

हिरालालने ती जीभ बांधून टाकली. घासली असती तर माझे वजन घटले असते, म्हणून त्याने कारागिराला अंगठीत दगड धरून ठेवणारे एक सोन्याचे नख नेमके त्या अक्षरांवर दाबायला लावले. मग चौबे कॉलनीतल्या बाबारावांना त्याने मला बर्माच्या खाणीतले म्हणून विकले. बाबाराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने संशयी. त्यांनी मला काचेवर घासून पाहिले. काचेवर ओरखडा उठला. त्यांचे समाधान झाले. उठणारच ना! कठीणपणात मी खाणीतल्या माणिकाला कुठे हार जाते?

रविवारी सकाळी पद्मिनीकाकूंनी मला कच्च्या दुधात बुडवले आणि बाबारावांनी सूर्याकडे तोंड करून मला बोटात घातले. पुढे त्यांचा मुलगा स्वानंद परीक्षा पास होऊन मंत्रालयात नोकरीला लागला, तेव्हा घरी आलेल्या प्रत्येकाला ते माझ्याकडे बोट करून सांगत, "याचीच करामत आहे!" मी नखाखाली चडफडत होते. मी काहीएक केले नव्हते.

वर्षे गेली. नखे झिजली. एकदा टॉवेलात अडकून मी बादलीत पडले. बाबाराव घाबरले. सोनाराकडे दिले तर तो दगड बदलून टाकेल, ही त्यांची जुनी धास्ती. म्हणून हिरालालच्या दुकानात न जाता ते काकूंना घेऊन थेट जिना चढून रीनाताईंकडे गेले.

"बाई, या दगडावर आपली काही निशाणी टाकून द्या. मंग कोणी बदलून दाखवावं मले!"

रीनाताईंनी मला भिंगाखाली फिरवले. नखाखालून सुटलेली माझी अक्षरे त्यांना दिसली.

"काकाजी, निशाणी आहे याच्यावर. मीच टाकली होती. हे कारखान्यातलं माणिक आहे."

बाबारावांचा चेहरा उतरला. "म्हणजे नकली?"

"नकली नाही. माणिकच आहे, खाणीतलं नाही एवढंच."

"घासून टाका थे अक्षरं. कॉलनीभर सांगून बसलो मी. लोक हसतीन मले."

लपवणाऱ्याने निदान मला जिवंत ठेवले होते. फसलेला माणूस मात्र माझी जीभच कापायला निघाला होता.

"नाही घासणार," रीनाताई म्हणाल्या.

"काहून? दगड माहा आहे!"

"दगड तुमचा आहे, काकाजी. नाव दगडाचं आहे. आज मिटवलं, तर उद्या हाच दगड आणखी कोणाला तरी खाणीतला म्हणून विकतील."

पद्मिनीकाकू एकदम म्हणाल्या, "मंग स्वानंदची नोकरी?"

"आता काय सांगू तुले!" बाबाराव पुटपुटले.

"काय सांगता? पोट्टा डोळे फोडून अभ्यास करत होता, अन् तुम्ही दगडाले हात जोडून राहिले होते! आणा इकडे."

काकूंनी मला मुठीत घेतले, रीनाताईंचे भिंग मागून घेतले आणि खाली उतरल्या. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. काकूंनी मला आणि भिंगाला हिरालालसमोर ठेवले.

"वाचा भैया."

"अरे भाभीजी, बैठिए तो, चाय..."

"चहा मागून. आधी जोरानं वाचा."

हिरालालने वाचले. आधी क्रमांक अडखळत, मग 'लॅब', अगदी हळू. एका गिऱ्हाइकाने आपल्या बोटातली अंगठी काढून भिंगाकडे हात लांबवला. मग दुसऱ्याने.

त्याच दिवशी काकूंनी हिरालालला माझी खरी किंमत धरून बाकीचे पैसे परत करायला लावले. नवी नखे बसली, अक्षरांपासून दूर. आता मी काकूंच्या बोटात असते. कोणी विचारले, तर त्या आधी सांगतात, "कारखान्यातलं आहे," आणि मग हात पुढे करतात.

मित्रांनो, मला ऊन, पाणी, धूळ कशाचेच भय नाही. माझ्यासाठी एवढेच करा. दगड हातात घेतलात, तर त्याचा रंग पाहून थांबू नका, त्याची कडही पाहा. तिथे नाव असेल, तर ते झाकू नका आणि मिटवूही नका. आणि मला खोटे म्हणू नका. मी जन्मात एकदाही खोटे बोललेले नाही.