केळी म्हणजे पांढरी

दचकू नका, मीच बोलतेय. रोपवाटिकेच्या फाटकाशी चिखलाने माखलेली निळी गाडी उभी आहे ना, ती मी. माझी मागची सीट आता काढून टाकलीय. तिथे कुंड्या आणि खताची पोती असतात. पण कधीकाळी त्या सीटवर इतकी भांडणं आणि इतकं हसणं झालंय की विचारू नका.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी नुसती चकाकत होते. पहिल्या मालकाने हौसेने घेतलं आणि कंटाळून विकलं. मग मी आले शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या घरी. आठवडाभर डिकीत मशिनी आणि तेलाच्या बुधल्या, सुट्टीच्या दिवशी मात्र सगळं कुटुंब. पुढे बाबा आणि आजोबा. मागे आई, दादा आणि शेंडेफळ बारकी.

प्रवासात त्यांचा एक खेळ ठरलेला. निघताना आई एका डब्यातून चिठ्ठ्या काढायला लावायची. चिठ्ठीत जो रंग येईल, त्या रंगाच्या गाड्या आपल्या. दिसली की ओरडायचं, एक गुण मिळवायचा. पांढरा आला त्याची चांदी, कारण रस्त्यावर निम्म्या गाड्या पांढऱ्याच. आईच्या वाट्याला हटकून जांभळा यायचा. "जांभळी गाडी बनवतं तरी का कुणी?" ती कुरकुरायची. जो जिंकेल त्याने घरी पोचल्यावर माझा हॉर्न मनसोक्त वाजवायचा, शेजारच्या काकू गॅलरीत येऊन ओरडेपर्यंत.

बारकी कधीच जिंकली नव्हती. मांजरीने दुधाच्या पातेल्याकडे बघावं तशी ती माझ्या हॉर्नकडे बघायची.

खेळाचे पंच आजोबा. जन्मभर फळबाजारात लिलाव पुकारलेला माणूस, आवाज असा खणखणीत की माझ्या काचा थरथरायच्या. "दादाची एक खोटी! ती करडी होती, पांढरी नव्हे!" त्यांच्या निकालावर अपील नाही.

मग एका सकाळी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण डोक्यातल्या शब्दांची उलथापालथ झाली. पाणी हवं होतं आणि तोंडातून निघालं "कात्री". ते ऐकून दादाला हसू आवरलं नाही. आजोबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं, ते मिटलंच. दादा बिचारा रडला, पाया पडला. काही उपयोग झाला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, "यांना बोलतं करा. बोलले नाहीत तर आहे तेही जाईल." दवाखाना दूरच्या गावात. मीच त्यांना न्यायचे. जाताना गाडीत कुणी चकार शब्द काढत नसे. आजोबा खिडकीबाहेर बघत, आणि मला माझ्याच इंजिनाचा आवाज नकोसा होई.

अशाच एका फेरीला निघताना बारकीने तो डबा बाहेर काढला.

"आज नको गं," आई म्हणाली.

"खेळू या ना. हळू आवाजात."

बाबांनी आरशातून मान डोलावली आणि चिठ्ठ्या निघाल्या. बारकीने आपली उघडली आणि तिचे डोळे लकाकले. पांढरा! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिने चिठ्ठी मुठीत घट्ट धरली. गल्लीच्या तोंडाशीच दोन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या, तरी ती ओरडली नाही. पुढच्या सीटवरच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत राहिली.

मग पुढे वाकून तिने ती चिठ्ठी आजोबांच्या मांडीवर ठेवली. "आजोबा, आज तुम्ही खेळायचं. पांढऱ्या गाड्या तुमच्या."

"आणि तू?" दादाने विचारलं.

"मला गुलाबी."

"येडी आहेस का? गुलाबी गाडी असते तरी का?"

"असेल एखादी," ती म्हणाली आणि खिडकीला नाक लावून बसली.

पांढऱ्या गाड्या येत होत्या, जात होत्या. आजोबा गप्प. बाकीचेही आपापल्या गाड्या मोजेनात. पुलावर समोरून एक मोठी पांढरी गाडी आली. आजोबांचा हात उचलला गेला, ओठ हलले आणि भरल्या बाजारात पुकारावं तसे ते ओरडले, "केळी!"

बाबांचा पाय ब्रेकवर गेला. दादाने तोंडावर हात दाबला. आजोबांचा चेहरा पडायला लागला होता, तेवढ्यात बारकी म्हणाली, "बरोबर! केळी पांढरीच असतात. सोललेली! आजोबांना एक गुण."

आधी आई हसली. मग बाबा. आणि मग, तुमचा विश्वास बसणार नाही, आजोबा. खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत.

"पेरू!" दादा हिरव्या टेम्पोकडे बोट दाखवून किंचाळला.

"माझं वांगं कुठे दिसतंय का बघा रे," आई म्हणाली.

दवाखाना येईपर्यंत माझ्यात अख्खा बाजार भरला होता. "केळी एक, केळी दोन!" आजोबांचा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं, तर त्यांनाही केळीच मिळाली म्हणे.

अर्थात आजोबाच जिंकले. घरी आल्यावर त्यांनी माझा हॉर्न असा दाबून धरला की बाबांना त्यांचा हात सोडवावा लागला. काकू गॅलरीत आल्या, आजोबांना बघितलं आणि ओरडायचंच विसरल्या. बारकी बाहेर उभी होती, शून्य गुण, फ्रॉकचं टोक मुठीत. क्षणभर तिची हॉर्नवरची नजर मला दिसली. मग ती इतकी नाचली की पायातली चप्पल उडून गटारात पडली.

पुढे आजोबांचे बरेच शब्द परत आले. काही कायमचे गेले. पण चुकेल म्हणून त्यांनी कधी तोंड मिटलं नाही. शेवटच्या वर्षापर्यंत त्यांनी काही मागितलं की आधी हशा पिकायचा, मग वस्तू मिळायची.

ते गेले. दादा नोकरीला लांब गेला. बारकी माझ्यावरच गाडी शिकली. माझा डावा दरवाजा चेपलाय ती तिचीच कामगिरी. माझी दुरुस्ती परवडेना तेव्हा बाबांनी मला इथे दिलं. मालक भला आहे, वेळेवर तेलपाणी करतो. रोपं मात्र अबोल. मला माणसांच्या गलक्याची सवय.

म्हणून सांगते, तुमच्या गाडीत कुणी गप्प बसलं असेल, तर उगाच गाणी लावू नका. त्यांच्याकडे वळा. बोलू द्या, चुकू द्या. रस्ता लांब असतो, वेळ पुष्कळ असतो.

चला, मालक किल्ली घेऊन आलाय. आज मोगऱ्याची रोपं पोचवायची आहेत.